रुळाची घंटा

आमच्या प्राथमिक शाळेला पितळेची घंटा नव्हती. अंगणातल्या लिंबाला तारेने रुळाचा हातभर तुकडा टांगलेला असे आणि शिपाईमामा लोखंडी कांबीने तो बडवीत. त्याचा आवाज पार ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जाई. आमचा भाग बार्शीकडचा. तिकडच्या कितीतरी शाळांत अशीच घंटा होती, कारण बार्शी लाइट रेल्वेचे जुने रूळ कुठे ना कुठे पडलेले असत.

त्या तुकड्याच्या अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरे होती. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून लागे, त्यामुळे आम्हाला ती वाचता येत नसत. पुढे मी स्वतः मास्तर झालो आणि एकदा सहज म्हणून त्या शाळेत गेलो, तेव्हा ती अक्षरे बोटांनी चाचपून पाहिली. एका विलायती कारखान्याचे अर्धवट नाव आणि १८ ने सुरू होणारे साल. सालातले पुढचे दोन आकडे टोल्यांनी झिजून गेले होते.

गावात तीन लोहार होते. नांगराचा फाळ, मोटेची कडी, बैलगाडीची धाव सगळे इथेच होई. आणि पोरांना शाळेत बोलावणारे लोखंड मात्र सात समुद्र ओलांडून आलेले! "पिकते तेथे विकत नाही" असे आपण म्हणतो. पण इथे तर पिकूच दिले नव्हते का? हा प्रश्न मनात राहिला. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, पुस्तके चाळली, आणि जे हाती लागले ते आज लिहितो आहे. हल्ली सरकारी टेंडरात स्थानिक पुरवठादाराला प्राधान्य द्यावे की नाही यावर बरेच बोलले जाते. तो वाद वाटतो तितका नवा नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनांची नावे पोरांना तोंडपाठ असत. पण त्या कामाचे कंत्राट कोणाला मिळाले, रूळ कुठून आले, हे पुस्तकात नव्हते आणि मलाही विचारावेसे वाटले नाही.

रूळ विलायतेतून आले, इंजिने तिकडूनच आली, पुलांचे गर्डर आले. सुरुवातीला रुळाखालचे लाकडी स्लीपरसुद्धा बऱ्याच ठिकाणी युरोपातून जहाजाने आणले गेले. जी. आय. पी. सारख्या कंपन्यांच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. तोटा झाला तरी भागधारकाला पाच टक्के मिळणार आणि ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाणार. मग काटकसर कोण करणार? त्या काळात रेल्वेत गुंतलेल्या भांडवलापैकी एक तृतीयांशाहून अधिक रक्कम इंग्लंडमध्येच खर्च झाली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

अर्थात न्यायाने बोलायचे तर १८५३ साली आपल्याकडे रूळ ओढणारा कारखानाच नव्हता. तेव्हा माल बाहेरून येणे अपरिहार्य होते. खरा प्रश्न पुढचा आहे. इथे कारखाना निघू शकेल अशी वेळ आली, तेव्हा सरकारने काय केले?

कंत्राटांचे पाहा. मुंबई-ठाणे मार्गाचे काम फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज कंत्राटदारांकडे होते. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले, तेही प्रथम फॅव्हिएलकडेच. मजुरीवरून तंटा होऊन १८५९ मध्ये दंगल झाली आणि त्याने काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल आला. तो इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. एका टप्प्यावर घाटात ४०,००० हून अधिक माणसे राबत होती. पटकी आणि तापाने किती मेली त्याची नोंद नीट कोणी ठेवली नाही. राबणारे हात इथले होते, सुरुंगाने फुटलेला काळा पत्थर इथला होता; कंत्राट आणि लोखंड मात्र तिकडचे.

तरी या चित्रात एक अपवाद आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. जमशेटजी दोराबजी नायगामवाला या पारशी कंत्राटदाराने जी. आय. पी. ची बरीच कामे केली. कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने त्याच्या कामाची मनापासून तारीफ केली होती. म्हणजे संधी मिळाली तर इथला माणूस काम करू शकतो, हे साहेबालाही ठाऊक होते.

पुढच्या पिढीने हा प्रश्न बरोबर हेरला. यात आमच्या सोलापूरशी जोडलेले एक नाव आहे, ते मुद्दाम सांगतो, कारण हे गृहस्थ आमच्याच धंद्यातले. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेत शिक्षक, पुढे सोलापूरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. सरकारी नोकरीत राहून पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी देशाच्या अर्थकारणावर आकडेवारीनिशी लेख लिहिले. रेल्वेवरचा खर्च म्हणजे हिंदुस्थानने विलायती उद्योगांना दिलेले अनुदानच आहे, असा त्यांचा रोख होता. गोखल्यांना आकडेशास्त्राचे धडे देणारे हेच जोशी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत लोखंडाच्या धंद्यावर निबंध वाचला. सरकारने पुढाकार घेतल्याशिवाय हा धंदा इथे उभा राहणार नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते.

सरकारचे कागदोपत्री धोरण इतके वाईट नव्हते. १८८० च्या दुष्काळ आयोगाने सुचवल्यावर १८८३ मध्ये ठराव झाला की दर आणि दर्जा जुळत असेल तर सरकारी खात्यांनी देशी माल घ्यावा. वाचायला किती छान! पण खरेदीची सगळी यंत्रणा लंडनमध्ये होती. इथला अभियंता मागणीपत्र भरून तिकडे पाठवी. मालाचे वर्णन तिकडचे सल्लागार अभियंते ठरवीत. टेंडर तिकडे निघे, भाव पौंडात सांगायचा, माल तिकडे दाखवायचा. कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या कारखानदाराने त्यात भाग घ्यायचा तरी कसा? दार उघडे ठेवले होते, पण जिना काढून घेतलेला होता.

यात पहिली खरी फट पडली ती टाटांच्या पोलादामुळे. जमशेदजी टाटा १९०४ मध्ये गेले. कंपनी १९०७ मध्ये निघाली. लंडनमध्ये भांडवल मिळेना म्हणून शेअर मुंबईत विकायला काढले. ते स्वदेशीच्या चळवळीचे दिवस. सुमारे ८,००० लोकांनी तीन आठवड्यांत सगळे शेअर घेऊन टाकले. पुढे खेळते भांडवल कमी पडले, तेव्हा ग्वाल्हेरचे शिंदे महाराज मदतीला आले.

रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष सर फ्रेडरिक अपकॉट यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. टाटा ब्रिटिश दर्जाचे रूळ बनवणार म्हणे! बनवले तर त्यातला प्रत्येक पौंड मी खाऊन दाखवीन, असे ते म्हणाल्याचे सांगतात. फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले. महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीसाठी याच कारखान्याने सुमारे १,५०० मैलांचे रूळ पुरवले. साहेबांनी शब्द पाळला असता तर त्यांना अपचन झाले असते, असे दोराबजी टाटा पुढे म्हणाले.

या किस्स्यावर आपण खूश होतो आणि तिथेच थांबतो. मीही वर्गात तिथेच थांबत असे. पण या गोष्टीच्या मागे एक रूक्ष करार आहे आणि शिकण्यासारखे सगळे त्यात आहे. कारखाना उभा राहण्याआधीच सरकारने कबूल केले होते की दहा वर्षे दरवर्षी २०,००० टन रूळ तुमच्याकडून घेऊ. त्याला अटी होत्या. भाव आयात मालाच्या भावापेक्षा जास्त नको. माल ठरलेल्या कसोटीला उतरला पाहिजे. ती कसोटी घेण्यासाठी सरकारचा धातुतपासनीस कारखान्यातच बसणार.

म्हणजे हे प्राधान्य होते, पण डोळे मिटून दिलेले नव्हते. किती घेणार ते ठरलेले, किती वर्षे घेणार ते ठरलेले, आणि तपासणारा माणूस जागेवर हजर. महायुद्धानंतर युरोपातून स्वस्त पोलाद येऊ लागले आणि कारखाना अडचणीत आला. तेव्हा १९२४ मध्ये संरक्षणाचा कायदा झाला. त्यातही रुळांना टनामागे पहिल्या वर्षी ३२ रुपये, दुसऱ्या वर्षी २६ आणि तिसऱ्या वर्षी २० रुपये असे उतरते अनुदान होते. चालायला शिकणाऱ्या पोराचा हात हळूहळू सोडावा तसे.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहा. १९२१ मध्ये सरकारने जाहीर केले की १९२३ पासून पुढली १२ वर्षे रेल्वेला लागणाऱ्या इंजिनांची टेंडरे दरवर्षी हिंदुस्थानात मागवू. या भरवशावर जमशेदपूरजवळ पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी उभी राहिली. यंत्रे आली, इमारती झाल्या, पण मागणी आली नाही. कारखाना बंद पडला. शेवटी सरकारनेच तो विकत घेतला आणि तिथे डब्यांचे सांगाडे बनवायला लावले. १८६५ ते १९४१ या काळात ब्रिटनमधून इथे सुमारे १२,००० इंजिने आली आणि इथे बनली सुमारे ७००. अजमेरच्या कारखान्याने १८९५ सालीच इंजिन बनवून दाखवले होते, तरीही! ती बंद पडलेली जागा टाटांनी १९४५ मध्ये घेतली आणि तिथेच टेल्को उभी राहिली.

एका ठिकाणी सरकारने किती टन घेणार ते लिहून दिले आणि घेतले. दुसऱ्या ठिकाणी नुसते टेंडर मागवण्याचे आश्वासन दिले. दोन्ही कारखाने एकाच गावचे, मधे जेमतेम पंधरा वर्षे.

खरेदीचे दप्तर इकडे आणायलाही फार वेळ लागला. १९१६ च्या औद्योगिक आयोगाने शिफारस केली. १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट निघाले. आणि १९३१ पासून 'रुपया टेंडर'चा नियम आला: टेंडर हिंदुस्थानात, भाव रुपयांत, माल इथे पोचवायचा. १८८३ चा ठराव आणि हा नियम यांच्यात ४८ वर्षे गेली. एका माणसाची सबंध नोकरी आणि वर थोडी पेन्शनही.

त्याचे दृश्य फळ पाहायचे तर हावडा पुलाकडे बोट दाखवता येईल. १९३६ ते १९४३ या काळात तो झाला. २६,५०० टन पोलादापैकी २३,००० टन टाटांचे, आणि सांगाडा कलकत्त्याच्याच कारखान्यांत घडवलेला. युद्धामुळे विलायतेहून पोलाद येणे अवघड झालेले असताना इथल्या पोलादाने तो पूल तरला.

कंत्राटदारीतही तेच घडले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागी करून पहिले काम घेतले ते आमच्या बार्शी लाइटचे. फाटक हे आधी रेल्वेतले कारकून. पुढे १९२० च्या दशकात बोरघाटातला मार्ग सुधारायचा ठरला, तेव्हा नवे बोगदे खोदण्याचे काम वालचंदांच्या कंपनीने केले. ज्या घाटात साठ-सत्तर वर्षांपूर्वी फॅव्हिएल आणि ट्रेडवेल यांच्या हाताखाली आपली माणसे दगड फोडत होती, तिथे आता कंत्राटदारच सोलापूरचा. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचा जन्म १९२६ चा.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर छान देशाभिमानाचा लेख झाला असता. पण एक गोष्ट मला टोचते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९८६ सालची गोष्ट. मी ज्या शाळेत होतो तिथे तीन नव्या खोल्या मंजूर झाल्या. आपल्याकडे ठरावीक रकमेपर्यंतची सरकारी कामे मजूर सहकारी संस्थांना राखून देण्याची पद्धत आहे. हेतू अगदी चांगला आहे: मधला कंत्राटदार जावा आणि मजुराला त्याच्या घामाचे पुरते पैसे मिळावेत. आमच्या गावातही अशी सोसायटी होती. बाहेरचा एक कंत्राटदारही काम मागत होता आणि त्याची आधीची कामे चांगली होती. मी गावकऱ्यांना जमवले, अर्ज लिहिला की काम गावच्या सोसायटीलाच द्या, गावचा पैसा गावात राहील. अर्जावर पहिली सही माझी. स्वदेशीवर मी त्या दिवशी चांगले अर्धा तास बोललो होतो.

काम सोसायटीला मिळाले. तिसऱ्या पावसाळ्यात स्लॅब गळू लागला. चौथ्या वर्षी एका रात्री सातवीच्या वर्गातला गिलावा चार बाकांवर कोसळला. सकाळी मीच दार उघडले. ढेकळांत गंजलेली सळई दिसत होती. चार बाकांवर आठ मुले बसत. ती सगळी सात वाजता अंगणात प्रार्थनेला उभी होती आणि मला प्रार्थनेचे शब्द आठवेनात.

मग चौकशी केली तेव्हा कळले की सोसायटीचे निम्मे सभासद कागदावरच होते. त्यातल्या एका बाईंना आपण सभासद आहोत हेच माहीत नव्हते. कारभार एकच माणूस पाहत होता आणि मजूर रोजंदारीवर, बाहेरून आणलेले. मोजमाप पुस्तकात सगळे व्यवस्थित होते. स्लॅब भरताना तपासायला कोण आले होते? कोणीच नाही. आणि आम्ही तरी कुठे विचारले? गावचे काम, गावची माणसे. आपला तो बाब्या. बाब्याची वही कोण तपासणार?

टाटांचा तो करार मी वाचला तो याच्या कितीतरी वर्षांनंतर. वाचताना त्या धातुतपासनिसापाशी येऊन थांबलो. ज्या इंग्रज सरकारला आपण दोष देतो, त्याने देशी रूळ घेताना तपासनीस कारखान्यात बसवला. मी शाळेच्या छपरासाठी तेवढेही केले नाही.

स्वातंत्र्यानंतर देशी मालाला आणि लघुउद्योगांना प्राधान्य देण्याचे धोरण पुढे चालूच राहिले. आधी सांगितलेल्या स्टोअर्स खात्यातूनच पुढे डी. जी. एस. अँड डी. झाले आणि ते ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. त्याच वर्षी १५ जूनला केंद्र सरकारने 'मेक इन इंडिया' प्राधान्याचा आदेश काढला. त्याचा सांगाडा सोपा आहे. ज्याच्या मालात किंवा कामात निम्मे मूल्य देशी, तो पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार. वीस ते पन्नास टक्के असेल तो दुसऱ्या वर्गाचा. समजा सर्वांत कमी भाव १०० रुपयांचा आला आणि तो पहिल्या वर्गातल्या माणसाचा नाही, पण पहिल्या वर्गातल्याने ११८ सांगितले. २० टक्क्यांच्या आत आहे म्हणून त्याला विचारतात: १०० रुपयांत करतोस का? हो म्हणाला तर त्याला काम मिळते. काम वाटून देता येण्यासारखे असेल तर निम्मे. म्हणजे सरकार जादा भाव देत नाही, पुन्हा एक संधी देते. बांधकामात लागणाऱ्या लोखंड-पोलादासाठी त्याच वर्षी मे महिन्यात वेगळे धोरण आले. आणि हे फक्त आपणच करतो असेही नाही. अमेरिकेचा 'बाय अमेरिकन' कायदा ३ मार्च १९३३ चा आहे, मंदीच्या ऐन खाईतला.

पहिल्या वर्गाचा दाखला बव्हंशी पुरवठादार स्वतःच लिहून देतो. मोठ्या रकमेला लेखापालाचे प्रमाणपत्र लागते. इथे मला आमच्या सोसायटीची सभासद-यादी आठवते. कागद बरोबर असणे आणि माल बरोबर असणे यांत सातवीचा एक वर्ग बसतो.

शेवटी एक गंमत. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात केंद्र सरकारच्या मोठ्या टेंडरांचे दार ब्रिटिश कंपन्यांना उघडण्याचे कलम आहे. ब्रिटनमधले किमान २० टक्के मूल्य असेल तर त्यांना दुसऱ्या वर्गाच्या स्थानिक पुरवठादाराचा दर्जा. वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. विलायतेतला माणूस आपल्या टेंडरात 'स्थानिक' ठरणार! मला राग आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हा टेंडर लंडनमध्ये निघे आणि आपण दाराबाहेर असू. आता टेंडर दिल्लीत निघते, अटी आपण घालतो, आणि त्यांना यायचे तर रांगेत उभे राहून यावे लागते. फक्त त्या अटी आपण तपासणार आहोत की नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. शाळेत आता विजेची घंटा आहे. रुळाचा तुकडा मुतारीच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. नातू बरोबर होता, त्याला म्हटले, वाच बरे काय लिहिले आहे. त्याने मोबाइलचा उजेड पाडला, पण नाव काही लागले नाही. त्या तीन खोल्या केव्हाच पाडल्या. त्या जागी आता वऱ्हांडा आहे. मी वर पाहिले आणि नव्या स्लॅबच्या कोपऱ्यात ओल आहे का ते शोधू लागलो. नातू विचारत होता, आजोबा, काय बघताय?

तुमच्याही शाळेत अशी घंटा होती का? असेल तर पुढच्या वेळी गावी गेलात की तिच्यावर काय लिहिले आहे ते जरूर पाहा, आणि जमले तर मला कळवा.